डचेस घोडीचा डावा पाय

ऑखनली, लेव्हन नदीकाठ, स्कॉटलंड
१५ फेब्रुवारी १९०९

टॅम्या,

तुझं नववर्षाचं पत्र वेळेवर आलं होतं, उत्तराला उशीर माझ्याकडून. पत्र नेहमीसारखं जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. तुझी बहीण नेहमीसारखी पाठ फिरवून शेगडीपाशी उभी राहिली आणि नेहमीसारखं तिने त्यातलं काहीच ऐकलं नाही. फक्त तुझ्या खोकल्याचा मजकूर आला तेव्हा ती किटलीला म्हणाली, "गळ्याला लोकर गुंडाळ म्हणावं त्या माणसाला." किटलीचा निरोप तुला कळवतो.

गावाकडची बातमी म्हणजे, आपण फुटबॉलचा कप जिंकलो त्याला यंदा पंचवीस वर्षं होतात, म्हणून उन्हाळ्यात जुन्या खेळाडूंचा एक सामना ठरतोय. तुला बोलवायचं की नाही यावर कमिटीत दोनदा भांडण झालं. मी तुझा मेहुणा, म्हणून मला मत नाही.

आता कामाचं. माझी घोडी डचेस तुला आठवत असेल, निदान मी तिच्याबद्दल लिहिलेलं तरी आठवेल. रंगाच्या कारखान्याजवळच्या पुलावर जानेवारीत बर्फावरून तिचा पाय घसरला. मागचा डावा, घोट्यात मोडला. डॉक्टरांनी सहा आठवडे फळ्यांमध्ये बांधून ठेवला. आता फळ्या सोडल्या, हाड जुळलंय, पण सांधा वळत नाही. पाय टेकवते आणि परत उचलते. तू इंग्लंडात बसून रोज बावीस पाय चोळतोस. माझ्या मते पाय तो पाय. काय करू ते लिही. घाईचं आहे.

तुझा,
एबी मकॉस्लन



ब्रॅकनशॉ, लँकेशर
१९ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

पंधरा वर्षं मी ट्रेनर आहे, त्याआधी दहा वर्षं खेळलो. या पंचवीस वर्षांत तू माझा सल्ला पहिल्यांदा विचारलास, आणि तोही घोडीसाठी! असो. मान मिळाला तो पदरात घ्यावा.

माझा सल्ला असा : गोळी घाल. घोडीचा पाय घोट्यात मोडला की दुसरा इलाज नाही, हे तुझ्यासारख्या गाडीवानाला मी सांगायचं का? आणि घोडीला डॉक्टर बोलावणारा माणूस मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. त्यांनी तिची जीभ पाहिली का? फी कोणाच्या नावावर लिहिली?

पण तुझा जीवच जडला असेल तर ऐक. सकाळ-संध्याकाळ पाय आधी सोसवेल इतक्या गरम पाण्यात, मग गार पाण्यात, असं आलटून पालटून दहा वेळा. मग हंसाची चरबी, टर्पेंटाइन आणि अंड्याचा पांढरा बलक एकत्र घोटून चोळायचं. खालून वर चोळायचं, वरून खाली कधीच नाही. घोटा आखडला म्हणून नुसत्या घोट्यावर तुटून पडू नकोस, आधी पोटरी मोकळी कर. खरं दुखणं बऱ्याचदा तिथे असतं. माझ्याकडे त्यासाठी एक लाकडाचं अवजार आहे, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून पोटरीवर फिरवतो. त्याला मी कोणाला हात लावू देत नाही.

आमचा अल्बियन क्लब तळाला आहे. खाली घसरलो तर पुढच्या वर्षी दुसऱ्या दर्जात. मंगळवारी आठ मैल चालवतो, बुधवारी मिठाच्या पाण्याची अंघोळ, गुरुवारी मालीश. आमचा सेंटर फॉरवर्ड क्रॅबट्री चालायला येतो तो टोपीत मटणाचा पाय घेऊन. पाय म्हणजे इंग्रजीतला, खायचा, भाजलेला, पिठाच्या पारीतला. काल पाऊस आला आणि त्याच्या कानामागून रस्सा ओघळला, तेव्हा पकडला.

पैसे घेऊन खेळायला तेव्हा बंदी होती, म्हणून क्लबच्या गिरणीमालकाने मला ज्या चर्चच्या भिंतीवर 'पाथरवट' म्हणून कागदोपत्री लावलं होतं, ती भिंत अजून अर्धीच आहे. तिच्याजवळून जाताना मी टोपी काढतो. एका दगडालाही हात न लावता मला तिने पहिलं वर्ष पोसलं.

किटली या खेपेला काही बोलली नाही का? तुझ्या पत्रात ग्रिझीचा एकच टोमणा, तोही नववर्षाचा शिळा. तब्येत बरी आहे ना तिची?

टॅम



ऑखनली
२ मार्च

टॅम्या,

तुझं पत्र न वाचता टेबलावर मोठ्याने सुरू करण्याची चूक मी केली. 'गोळी घाल' हे वाक्य घरात वाचलं गेलं. त्यानंतर दोन दिवस मला गार लापशी मिळाली.

गोळी घालणं जमणार नाही. घोडी घरातली आहे.

तू सांगितलंस तसं गरम-गार पाणी चालू आहे. चरबी मिळाली. टर्पेंटाइनच्या वासाने मांजर घर सोडून गेलं. चोळण्याचं मात्र अवघड आहे. हात लावू देत नाही. म्हणते, नाही, म्हणजे तिच्या चेहऱ्यावरून दिसतं, की तुझे हात म्हणजे खरारा करायचे हात, रेशमाला लावायचे नाहीत. आणि माझे हात तसेच आहेत, त्याला मी काय करू? बोटांना लगामाची सवय. जोर लावला की कळवळते, सोडला की काहीच होत नाही. तू लाकडाचं अवजार म्हणतोस ते काय? घरातलं लाटणं चालेल का?

जिना उतरता येत नाही हा सर्वांत मोठा त्रास. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत सांधा सुटला तर सुटला, नाहीतर दगड होतो आणि मग जन्मभर खुर्ची. परवा मी बाहेरून आलो तेव्हा ती खिडकीशी बसून रडत होती. मला पाहिल्यावर म्हणाली कांदा चिरत होते.

लवकर लिही.

एबी



ब्रॅकनशॉ
६ मार्च

अरे सोंगाड्या,

जिना उतरणारी घोडी! कांदा चिरणारी घोडी! एबी, तू चर्चच्या पंचमंडळात बसायचं म्हणतोस आणि तुला धड एक थाप मारता येत नाही.

मला पहिल्या पत्रातच कळायला हवं होतं. जुन्या खेळाडूंचा सामना! डावा घोटा! तुझाच तो डावा घोटा, '८४ साली ज्याने तीनदा बॉल नदीत घातला. सत्तेचाळीसाव्या वर्षी चोरून सराव करायला गेलास, पुलावर आपटलास, आणि आता ग्रिझीच्या धाकाने घोडीच्या मागे लपतोस. पैसे घेऊन खेळणाऱ्या पाप्याकडे सल्ला मागताना जीभ रेटेना, म्हणून बिचाऱ्या डचेसला पुढे केलंस. ती बरी आहे ना? तिला माझ्याकडून एक सफरचंद दे.

तर डचेसबाई, आता तुमच्यासाठी सूचना. बिअर बंद. लापशी चालेल, गार असली तरी चालेल. लाटणं नको, ते फार बारीक असतं, हाडाला लागेल. रोज खुर्चीच्या पाठीला धरून टाच उचलायची आणि टेकवायची, शंभर वेळा. आणि रडायचं असेल तर कांद्याचं निमित्त नको, माझे खेळाडू बिनकांद्याचे रडतात.

ग्रिझीला विचार, असला नवरा कुठल्या बाजारात मिळाला?

टॅम



ऑखनली
२० मार्च

टॅम,

तुझं पत्र मी या वेळी तबेल्यात एकट्याने वाचलं. हसू आलं असतं, पण येईना.

मी नाही. माझे दोन्ही घोटे ठणठणीत आहेत.

मी एका माणसाला बायबलवर हात ठेवून वचन दिलंय की तिच्या पायाबद्दल तुला एक अक्षरही लिहिणार नाही. ते मी पाळलंय आणि पाळीन. मी घोडीबद्दल लिहिलंय. माझ्या घरात दोनच माणसं राहतात. मी नाही म्हटल्यावर उरलं कोण, एवढं गणित तू कर.

आता घोडीबद्दल आणखी थोडं लिहितो, कारण तुला ते नीट कधी कोणी सांगितलं नाही. तू आई गेल्यावर ज्या घोडीच्या पाठीवर वाढलास तीच ही. तू '८४ साली निघालास तेव्हा तिला सांगितलंस की पाथरवटाच्या कामाला चाललोय. तिने तुझी पिशवी भरली, बाबांची दगड घडवायची लाकडी मोगरी कापडात बांधून वर ठेवली. गावात कुजबुज झाली तेव्हा पाद्रीसाहेबांपुढे बायबलवर हात ठेवून तिने सांगितलं की माझा भाऊ बाबांच्या मोगरीवर पोट भरायला गेलाय. तीन आठवड्यांनी पैसे घेऊन खेळणाऱ्यांची यादी छापून आली. तुझं नाव सतरावं. त्या रविवारी म्हाताऱ्या लॉकीने चर्चच्या दारात सगळ्यांदेखत म्हटलं, "गिलफिलनची पोरगी बायबलवर हात ठेवून खोटं बोलते."

तू पैसे घेतलेस याचा तिला राग नव्हता, टॅम. पुढच्याच वर्षी तिकडे ते सगळ्यांना मोकळं झालं, हेही तिला ठाऊक आहे. तिच्या तोंडून तू खोटं वदवलंस, राग त्याचा आहे. त्या दिवसापासून एकही रविवार न चुकवता ती चर्चच्या दारातून सर्वांत आधी आत जाते, ताठ मानेने, लॉकीच्या समोरून. आज दहा रविवार झाले, गेलेली नाही. गाडीत बसवून नेतो म्हटलं तर म्हणते, लॉकीपुढे मला उचलून उतरवणार? त्यापेक्षा इथे मरेन. आणि तुला कळवायचं नाही, कारण तुझी कीव नको.

तीन महिन्यांतले दोन संपले. माझ्या हाताने होत नाही.

एबी



ब्रॅकनशॉ
२३ मार्च

एबी,

गोळी घाल म्हणालो मी. ते वाक्य तिने ऐकलं. दोन रात्री मला झोप नाही.

हात पाकिटात घालून पाठवता येत नाहीत. मी येतोय, शनिवारच्या गाडीने. हंगाम संपायला पाच आठवडे आहेत आणि आम्ही अजून तळालाच. अध्यक्ष ओल्डरॉइडसाहेबांकडे रजा मागितली. ते म्हणाले, "कोणासाठी?" मी म्हणालो, "घोडीसाठी." पुढचं खरं सांगितलं असतं, पण तोवर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. म्हणाले, "गिलफिलन, आता मैदान सोडलंस तर परत येताना फाटक बंद असेल." असेना का. '९४ साली माझा गुडघा गेला तेव्हा क्लबच्या म्हाताऱ्या ट्रेनरने मला हाताला धरून हे काम शिकवलं, नाहीतर मी आज कुठल्या दारूच्या गुत्त्यासमोर जुन्या गोष्टी सांगत बसलो असतो. आणि पाय ओळखायला शिकलो तो काय फक्त क्रॅबट्रीसाठी? क्रॅबट्रीलाच मालीश शिकवून ठेवलीय. तो सगळ्यांना कणीक मळल्यासारखा मळतो.

तिला सांग, टॅम घोडी बघायला येतोय. बाकी काही सांगू नकोस. तुझं वचन तुझ्यापाशी राहू दे.

टॅम



ब्रॅकनशॉ
३ मे

मेहुणेबुवा,

आधी इकडची हकिगत, म्हणजे तू शिव्या द्यायच्या आत तुला हसू येईल.

मी नसताना अल्बियनने चारपैकी तीन सामने जिंकले. तीन! ओल्डरॉइडसाहेब गावभर सांगत सुटले की ट्रेनर ही चैनीची वस्तू आहे. चौथ्या सामन्याला क्रॅबट्रीच्या मालीशीचा गुण दिसला. पाचजण पोटऱ्या धरून एकाच वेळी गवतावर आडवे, आणि समोरच्या संघाने चार गोल केले. मी परतलो तर फाटकावर ओल्डरॉइडसाहेब स्वतः उभे. म्हणाले, "घोडी कशी आहे?" मी म्हणालो, "चालेल." ते म्हणाले, "मग तूही चाल आत, मालीशीच्या टेबलावर दोन जण रडतायत." शेवटच्या शनिवारी एका गोलाने वाचलो.

आता तिकडचं. एबी, एकोणीस दिवस. रोज दोन वेळा तिचा पाय माझ्या मांडीवर. पहिल्या आठवड्यात दातांनी ओठ धरून ठेवायची, पण हूं की चूं नाही. चौदाव्या दिवशी सांधा हातात सुटला तेव्हा मला रडू आलं. माझ्या डोक्यावरून तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. या एकोणीस दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. किटलीशी बोलली, मांजराशी बोलली (परत आलं म्हणून), तुझ्याशी बोलली की "त्या माणसाला विचार, अंडी किती घालायची." मी अंडी किती ते मांजराला सांगितलं.

पहाटेच्या गाडीने न सांगता निघालो, त्याबद्दल रागावू नकोस. निरोप घेऊन ती गप्प राहिली असती तर मला ते झेपलं नसतं. भित्रा आहे मी. त्या वेळीही पहाटेचीच गाडी होती.

टाच उचलायचं थांबवू देऊ नकोस. आता शंभर नाही, दोनशे. जिना उतरते का? एवढं फक्त लिही.

टॅम



ऑखनली
७ जून १९०९

टॅम,

हे पत्र डचेसकडून आहे. एबीला मी आज तबेल्यात पाठवलंय, खऱ्या डचेसची माफी मागायला.

मला तुम्ही दोघांनी काय मूर्ख समजलं होतं? त्याचं पत्र टिपकागदावर उलटं उमटलं होतं, ते मी आरशात धरून त्याच दिवशी वाचलं. घोडीला डॉक्टर बोलावणारा गाडीवान या अख्ख्या खोऱ्यात दुसरा नाही. पण त्याने वचन मोडलं नव्हतं, म्हणून मला त्याच्याशी भांडता येईना. गोळीचं काय ते तू समोर आलास की बघते.

तू घोडी बघायला येतोयस असं कळवलंस. घोड्या बोलत नाहीत. मी नियम पाळला. तूच केलेला नियम होता, आता मांजराकडे तक्रार सांगू नकोस.

लाकडाचं अवजार म्हणून तू जे काढायचास त्यावर फ्लॅनेल गुंडाळलेलं असायचं. नवव्या दिवशी त्याची गाठ सैल झाली. तुझं लक्ष पोटरीकडे होतं. वरच्या टोकाला बाबांची खूण होती, उलटा बाण आणि त्याखाली आडवी रेघ. ती मी लहानपणापासून बाबांनी घडवलेल्या दगडांवर, चर्चच्या पायरीवर, पुलाच्या खांबावर बघत आलेय. मी पिशवीत वर ठेवलेली मोगरी. मला वाटलं होतं तू ती पहिल्याच स्टेशनावर टाकून दिली असशील. तिची कड झिजून गुळगुळीत झालीय, अशी दगडावर कधी झिजत नाही. मी एबीला त्या रात्री तुला विचारायला लावलं, आठवतं? "त्या माणसाला विचार, हे किती वर्षं वापरतो." तू म्हणालास, ट्रेनर झालो तेव्हापासून, पंधरा वर्षं, रोज.

त्यावर मी बरेच दिवस विचार केला. तू पहाटे गेलास तेव्हा मी जागी होते. पायऱ्यांवर उभी होते, सातव्या पायरीवर. अजून पाच राहिल्या होत्या. हाक मारली असती तर थांबला असतास, पण मला ती हाक पाच पायऱ्या उतरून मारायची होती, आणि तोवर दार लागलं.

काल रविवार होता. मी काठी घेऊन चालत चर्चला गेले. सर्वांत आधी नाही पोचले, पण पोचले. लॉकी दाराशी बाकावर बसला होता. आता ऐंशीचा आहे, कानांनी बहिरा. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "लॉकीसाहेब, पंचवीस वर्षांपूर्वी मी पाद्रीसाहेबांपुढे शपथेवर सांगितलं होतं की माझा भाऊ बाबांच्या मोगरीवर पोट भरायला गेलाय. तो बाबांच्या मोगरीवरच पोट भरतो. मी डोळ्यांनी पाहिलं. या पायावर पाहिलं." तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा अख्ख्या चर्चने ऐकलं. लॉकी म्हणाला, "कुठला भाऊ? कसली शपथ?" त्याला काहीच आठवत नव्हतं, टॅम. एवढी वर्षं मी त्या माणसासमोरून ताठ मानेने जात होते आणि त्याला वाटत होतं माझी मानच तशी आहे.

एबी तिथेच एवढा हसला की त्याला बाहेर जावं लागलं. मीही हसले, पण नंतर, घरी, कांदा चिरताना.

तू त्या वेळी माझ्याशी खोटं बोललास, ते तुझं तुझ्यापाशी. मी मात्र खोटं बोलले नव्हते. माझं बोलणं खरं व्हायला जरा वेळ लागला, एवढंच.

जिना उतरते. बाराही पायऱ्या. ऑगस्टमध्ये तो म्हाताऱ्यांचा सामना आहे. कमिटी तुला बोलावो न बोलावो, मी बोलावतेय. आणि परत जाताना पहाटेची गाडी असली तरी मला उठव. स्टेशन आता फार लांब नाही.

गळ्याला लोकर गुंडाळ.

ग्रिझी